रक्तगट आणि कातडीचा कॅन्सर : एका शंकेचे उत्तर



कारखान्यावर रक्तदान शिबिर झाले आणि बऱ्याच जणांच्या हाती रक्तगटाचे कार्ड आले. त्यानंतर लागणीच्या नोंदी घेत फिरताना एका सभासदाने आम्हांस बांधावरच गाठले. "साहेब, माझा गट 'ओ'. ओ-वाल्याला कातडीचा कॅन्सर जास्त होतो म्हणे. आमचा तर जन्म उन्हात गेला. मग कसं?" आम्ही पडलो शेतकी पदविकेचे. म्हणून वाचून, डॉक्टरांना विचारून मगच हे लिहीत आहोत.

रक्तगट म्हणजे काय? तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या जातीचे कण असतात. 'ए' गटात एक प्रकारचा, 'बी' गटात दुसऱ्या प्रकारचा, 'एबी'त दोन्ही आणि 'ओ'मध्ये या दोहोंपैकी एकही नाही. यांपैकी 'ए', 'बी' आणि 'ओ' हे गट कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दाखवून दिले.

सभासदाने ऐकलेली गोष्ट अगदीच खोटी नाही. अमेरिकेत परिचारिका व आरोग्य व्यवसायातील पुरुष यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कातडीच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा कॅन्सर 'ओ' गटात १०० जणांना झाला असे धरले, तर तेवढ्याच इतर गटवाल्यांत तो सुमारे ८६ जणांना झाला. दुसऱ्या एका प्रकारात हेच प्रमाण १०० ला ९६ होते. मेलॅनोमा या घातक प्रकारात खात्रीने सांगावा असा फरक दिसला नाही. शिवाय हे लोक बहुतेक गोऱ्या कातडीचे. आपल्या सावळ्या कातडीतील रंगद्रव्य उन्हाला बरेच अडविते, त्यामुळे आपल्याकडे हा रोग मुळातच कमी.

उसाच्या भाषेत सांगायचे तर, को ७४० ही जात काणीला लवकर बळी पडे. पण बेणे निरोगी, बेणेप्रक्रिया केलेली आणि काणीचे बेट वेळीच उपटले, तर तिचाही प्लॉट चांगला राही. उलट प्रतिकारक जात लावली म्हणून प्लॉटात फिरायचेच सोडले, तर घात ठरलेला. रक्तगट हा फार तर जातीचा किरकोळ गुण समजा. तो बदलता येत नाही. नजर मात्र ठेवता येते.

आपल्याकडे नजर ठेवायची ती जुन्या व्रणांवर आणि न भरणाऱ्या जखमांवर. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ सालीच 'धोतराच्या कॅन्सर'ची नोंद केली. कमरेला घट्ट कसलेल्या धोतराने एकाच जागी वर्षानुवर्षे घासून होणारा हा रोग. घट्ट लुगडे व परकराची नाडी यांनीही तो होतो.

आमच्या गटातील एका वडीलधाऱ्या सभासदांची पोटरी तरुणपणी गुऱ्हाळाच्या काहिलीशी भाजली होती. त्या व्रणावर जखम झाली. वर्षभर हळद आणि पाला बांधणे चालले. आम्ही दर महिन्याला त्यांच्या प्लॉटात काणी पाहायला जात होतो. पायाचे फडके दिसत होते, पण विचारले नाही. अखेर पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्यांचा रक्तगट 'बी' होता.

म्हणून सर्वांना विनंती :

१) महिनाभरात न भरणारी जखम, कडा उचललेला किंवा रक्त येणारा व्रण डॉक्टरांना दाखवावा. ते सांगतील तर तुकडा काढून तपासून घ्यावा.
२) तळपाय, तळहात वा नखाखालचा काळा डाग वाढू लागल्यास थांबू नये.
३) कमरेची नाडी सैल व रुंद ठेवावी, बांधण्याची जागा बदलावी.
४) तोडणी-खुरपणीला टोपी किंवा पदर आणि पूर्ण बाह्यांचा सदरा असावा.

वेळीच सापडला तर हा रोग बहुधा लहानशा शस्त्रक्रियेने बरा होतो. रक्तगटाचे कार्ड मात्र जपून ठेवा. कोणाचा तरी जीव वाचविण्यास ते उपयोगी पडेल. आणि यापुढे आम्ही प्लॉटावर आलो, की उसाबरोबर तुमच्या पायाचीही चौकशी करू. राग मानू नये.

– ऊस विकास अधिकारी