पत्र्याचे छप्पर

मे महिना संपत आला की गावोगावी ठोकाठोकीचे आवाज ऐकू येऊ लागतात. पाऊस येण्यापूर्वी लोक आपापल्या घरांची छपरे नीट करून घेतात. कोणी फुटकी कौले बदलतात. याला मराठीत 'घर शाकारणे' म्हणतात. कोणी कौले काढून टाकतात आणि त्यांच्या जागी पत्रा घालतात. तुमच्याही घरावर किंवा शेजारच्या घरावर असा पत्रा असेल.

उर्दूत आपण या पत्र्याला 'टीन' म्हणतो. खरे तर टीन म्हणजे कथील. भांड्यांना कल्हई करतात ती कथिलाची. छपराच्या पत्र्यात कथील मुळीच नसते. तो पोलादाचा असतो आणि त्यावर जस्ताचा पातळ थर दिलेला असतो. पोलादाला पाणी लागले की गंज चढतो. जस्त मात्र स्वतः झिजते आणि आतल्या पोलादाला वाचवते. पत्र्यावर बारीक ओरखडा पडला, तरी आजूबाजूचे जस्त त्या जागेचे रक्षण करते.

पत्रा सपाट नसतो, लाटांसारखा असतो. त्याला पन्हळी पत्रा म्हणतात. एक साधा कागद दोन पुस्तकांवर आडवा ठेवा. तो मध्ये वाकेल. आता त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला आणि पुन्हा ठेवा. तो ताठ राहील. पत्र्याचेही तसेच आहे. लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर या अभियंत्याने १८२९ साली अशा पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले. जस्ताचा थर देण्याची पद्धत त्यानंतर काही वर्षांनी फ्रान्समध्ये निघाली.

आता मुख्य गोष्ट पाहू. कौलांचे छप्पर जड असते. एक चौरस मीटर जागेवरच्या मंगलोरी कौलांचे वजन सुमारे ४० किलो भरते. तेवढ्याच जागेवरच्या अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन जेमतेम ४ ते ५ किलो असते. पत्रा हलका, म्हणून तो वर चढवणे सोपे आणि त्याखालचे लाकूड किंवा लोखंडही कमी लागते. परंतु वारा सुटला की हाच हलकेपणा धोक्याचा ठरतो.

कागदाची एक पट्टी ओठांखाली धरा आणि तिच्यावरून जोराने फुंका. पट्टी खाली जाण्याऐवजी वर उचलली जाईल. छपरावरून वारा वेगाने जातो, तेव्हा छपरालाही असाच वरच्या बाजूला ओढ बसतो. दार किंवा खिडकी उघडी असेल, तर आत शिरलेला वाराही त्याला खालून ढकलतो. ताशी ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात हा जोर दर चौरस मीटरला सुमारे ५० किलो वजनाइतका होऊ शकतो. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद अशा एका पत्र्यावर तो दोन धडधाकट माणसांच्या वजनाएवढा होतो. आणि पत्र्याचे स्वतःचे वजन किती? फक्त बारा किलोच्या आसपास! वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर हा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या वर गेला होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांत पुष्कळ घरांवरचे पत्रे उडाले. उडणारा पत्रा सुरीसारखा असतो. त्याच्या वाटेत कोणी आले, तर जीवही जाऊ शकतो.

पत्रा उडू नये म्हणून काही लोक त्यावर दगड ठेवतात. ही सवय मला फार वाईट वाटते. पन्नास किलोच्या ओढीपुढे चार-पाच किलोचा दगड काय करणार? पत्रा हलला की तो दगड घरंगळतो आणि खाली कोणाच्या तरी डोक्यावर पडतो. पत्रा वजनाने टिकत नाही, तो बांधणीने टिकतो.

ही बांधणी साखळीसारखी असते. पत्रा बोल्टाने आडव्या पाइपाला किंवा लाकडाला घट्ट धरलेला असावा. तो पाइप कैचीला आणि कैची भिंतीला पक्की जोडलेली असावी. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटची पट्टी ओतताना तिच्यातच बोल्ट गाडून ठेवले, तर उत्तम. पुष्कळ घरांत पत्रा पाइपाला नीट बांधलेला असतो, पण सगळा सांगाडा भिंतीवर नुसता टेकवलेला असतो. अशा घराचे छप्पर अखंड उडते.

पत्रे कोणत्या क्रमाने घालायचे, हेही ठरलेले असते. खालची ओळ आधी आणि वरची नंतर. वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर निदान सहा इंच यावा, म्हणजे पाणी मागे शिरत नाही. शेजारचे पत्रे एकमेकांवर दीड-दोन पन्हळी चढवतात. कोकणात पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून आढे पूर्व-पश्चिम असेल, तर पहिला पत्रा पूर्वेच्या टोकाला घालतात आणि पश्चिमेकडे सरकत जातात. मग जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. वारा तिच्यात शिरत नाही.

हुकाच्या बोल्टासाठी भोक नेहमी पन्हळीच्या उंचवट्यावर पाडावे. खोलगट भागातून पाणी वाहते, तिथे भोक पाडले तर घर गळणारच. बोल्टाखाली रबराची किंवा डांबराची चकती घालतात. कारागीर तिला वायसर म्हणतात. भोक बोल्टापेक्षा किंचित मोठे असावे, कारण उन्हाने पत्रा प्रसरण पावतो. दहा फुटी पत्रा चाळीस अंशांनी तापला, तर सुमारे दीड मिलिमीटर वाढतो. दुपारी आणि संध्याकाळी पत्र्याचा 'टक् टक्' आवाज येतो, तो यामुळेच. भोके पाडताना पडलेला लोखंडाचा कीस मात्र लगेच झाडून काढावा. तो तसाच राहिला तर गंजतो आणि पत्रा डागाळतो.

छपराच्या कडा, कोपरे आणि आढ्याजवळची ओळ येथे वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते. तेथे बोल्ट जवळजवळ हवेत. पैसे कमी पडले तर रंगीत पत्र्याचा हट्ट सोडावा, पण बोल्टांत काटकसर करू नये.

उन्हाळ्यात पत्रा खूप तापतो. वरून पांढरा रंग दिला आणि आढ्याखाली गरम हवा बाहेर जायला जागा ठेवली, तर घर बरेच थंड राहते.

पत्र्यावर चढण्याचे काम कारागिराचे आहे. ओला पत्रा फार निसरडा असतो आणि जवळून विजेची तार गेलेली असली तर धोका आणखी वाढतो. तुम्ही वर चढू नका. खालचे एक काम मात्र तुम्हाला करता येईल. पावसाळ्यापूर्वी एका दुपारी दारे-खिडक्या बंद करा आणि वर पाहा. काळोखात जिथे उजेडाचा ठिपका चमकेल, तिथूनच पाणी गळणार. लांब काठीला खडू बांधून तिथे खूण करा. कारागीर वर चढला की त्या खुणेवर खालून काठीने ठकठक करा. तो आवाजाच्या जागी येईल आणि तिथला वायसर बदलेल.