गर्भातील मद्य आणि मेंदूची घडण
गर्भवतीने घेतलेले मद्य वारेतून गर्भाच्या रक्तात उतरते आणि गर्भाचे यकृत अपरिपक्व असल्याने तेथे बराच काळ रेंगाळते. त्यातून जन्मभर टिकणाऱ्या ज्या विकारांचा समूह उद्भवतो, त्यास ‘फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ म्हणतात. सिएटल येथे १९७३ साली केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनी वर्णिलेली चेहऱ्याची लक्षणे, म्हणजे पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट खाच व डोळ्यांची आखूड फट, प्रसिद्ध असली, तरी बहुसंख्य बाधितांचा चेहरा सर्वसाधारणच असतो आणि निदान चुकते ते येथेच.

मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा पट्टा काहींत आखूड राहतो, क्वचित तयारच होत नाही, तर नियोजन करणारा व मनाला आवर घालणारा पुढचा भागही दुबळा राहतो. परिणामी अस्खलित बोलणाऱ्या मुलाला काल पाठ झालेला पाढा आज आठवत नाही, ‘हातपाय धू, दप्तर भर आणि जेवायला ये’ यातील पहिलीच सूचना ध्यानात राहते, आणि शिक्षेची सांगड चुकीशी घालता न आल्याने तीच चूक पुन्हा घडते. याला उद्धटपणा ठरवणे हा, स्पष्टच म्हणायचे तर, मोठ्यांचा आळस आहे. एका वेळी एकच सूचना आणि ठरलेला दिनक्रम यांचा उपयोग होतो. गर्भारपणात मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही.