भिंतीतल्या पोया माशीवर फवारा कशाला?

जुन्या घराच्या भिंतीतून, दाराच्या चौकटीतून किंवा विजेच्या मीटरच्या पेटीतून कधी कधी मेणाची बारीक नळी बाहेर आलेली दिसते. तिच्या तोंडाशी चिलटाएवढ्या काळ्या माश्यांची ये-जा चालू असते. लगेच कोणीतरी झुरळांचा फवारा आणून नळीत मारतो. त्याच खोलीत लहान मुले आणि दम्याची म्हातारी माणसे झोपतात. माशीपेक्षा त्या फवाऱ्याचाच त्रास त्यांना अधिक.

ही पोया माशी. कोणी तिला कोतीही म्हणतात. शास्त्रीय नाव टेट्रागोन्युला इरिडिपेनिस, लांबी जेमतेम 3 ते 4 मिलिमीटर. तिची नांगी इतकी खुरटलेली असते की तिला डंख मारताच येत नाही. फार छेडले तर केसांत शिरते, बारीक चावते, एवढेच. आग्या माशीची भीती हिच्या वाट्याला उगाच आली आहे.

पोया स्वतः पोखरत नाही. झाडाची ढोली, मातीच्या भिंतीतली फट, दगडांमधली पोकळी अशी तयार जागा शोधते. झाडांचा डिंक मेणात कालवून घर बांधते आणि मध पोळ्यात नव्हे, लहान लहान कुप्यांत साठवते. मातीची घरे पडून सिमेंटची झाली, जुनी झाडे तुटली, तशा या जागा कमी झाल्या. ती लांब उडत नाही. घराभोवतीच्या तुळशीवर, शेवग्यावर, नारळावर, कोथिंबिरीच्या फुलांवर परागीभवन करते, म्हणजे तिचे काम आपल्याच परसात चालते.

तिचा मध आंबटसर, पातळ आणि थोडाच मिळतो. पाणी जास्त असल्याने तो लवकर आंबतो. ‘औषधी’ म्हणून तो भारी किमतीला विकला जातो, पण मधुमेह असलेल्यांनी तो साखरच समजावा. डोळ्यांत तर मुळीच घालू नये. नवजात बाळाला मध चाटवण्याची रीत अजून घरोघरी आहे, ती थांबवायला हवी. कोणत्याही मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि त्यांच्या विषाने बाळाचे अंग लुळे पडते. मध उकळूनही बीजाणू मरत नाहीत.

भिंत पाडायचीच असेल, तर राणी आणि अंडी-पिल्लांसह वसाहत लाकडी पेटीत किंवा मडक्यात हलवता येते. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मधमाश्यांबाबत तिथे विचारता येईल. भिंत पाडायची नसेल, तर गिलावा करताना तेवढी नळी मोकळी सोडा.