नांदेडचं विमान टिकतं कशावर?

वसमतहून नांदेड चाळीसेक किलोमीटर. हळदीचा व्यापारी असो, बंगळूरला नोकरीला असलेला मुलगा असो की हैदराबादच्या दवाखान्यात न्यायचा पेशंट, विमानाचा विषय निघाला की इथल्या माणसाला नांदेडचं श्री गुरु गोबिंद सिंगजी विमानतळच आठवतं. २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी छोटी शहरं विमानानं जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेतल्या पहिल्या विमानांना हिरवा झेंडा दाखवला, त्यात नांदेड–हैदराबाद होतं. विमान ट्रूजेट कंपनीचं होतं. पुढं तिनं मुंबईची फेरीही सुरू केली. २०२२ च्या सुरुवातीला ही कंपनीच थांबली. मग ३१ मार्च २०२४ ला कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर आली आणि नांदेडची सेवा पुन्हा सुरू झाली: बंगळूर, दिल्लीजवळचं हिंडन आणि पंजाबातलं आदमपूर.

धावपट्टी तीच, हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला येणारे भाविक तेच. तरी सेवा येते आणि जाते, याचं कारण छोट्या विमान कंपनीच्या हिशेबात आहे.

सत्तर खुर्च्यांचं गणित

ट्रूजेटचं एटीआर विमान सत्तरेक आसनांचं. स्टार एअरचं एम्ब्रेयर १७५ आहे ७६ आसनांचं. ऐंशीच्या आतलाच आकडा निवडण्यामागं एक व्यवहारी कारणही आहे. ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानाला विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर उतरण्याचं शुल्क माफ असतं. पण सवलतीनं सगळं भागत नाही. विमान छोटं असो की मोठं, वैमानिक दोनच लागतात. विमानाचं भाडं डॉलरमध्ये मोजावं लागतं, आणि ते उडालं नाही तरी भाडं चुकत नाही. त्यामुळं छोट्या विमानाच्या एका फेरीचा एकूण खर्च कमी दिसला, तरी एका आसनामागं तो जास्त पडतो. त्यात कंपनीकडं मोजकीच विमानं. एक बिघडलं की दिवसभराचं वेळापत्रक कोलमडतं, आणि एकदा फेरी रद्द झाली की नांदेडचा प्रवासी पुढच्या वेळी सरळ रेल्वेचं रिझर्वेशन करतो.

अमेरिकेत जोडीदार मोठी कंपनी

अमेरिकेत हे ओझं छोटी कंपनी एकटी उचलत नाही. स्कायवेस्ट ही तिथली सगळ्यात मोठी प्रादेशिक कंपनी, १९७२ मध्ये युटा राज्यात सुरू झालेली. तिच्या बहुतेक विमानांवर नाव असतं डेल्टा, युनायटेड, अमेरिकन किंवा अलास्काचं. तिकीट मोठी कंपनी विकते. दर आणि वेळापत्रकही तीच ठरवते आणि इंधनाचा खर्चही तीच सोसते. स्कायवेस्टला पैसे मिळतात ते उड्डाणाच्या तासांवर आणि फेऱ्यांवर. वसमतच्या पूर्णा साखर कारखान्याला ऊस वाहून नेणाऱ्या ट्रकवाल्यासारखं हे काम: साखरेला भाव आला की पडला, त्याला वाहतुकीचा ठरलेला दर मिळतो.

दुसरा करार भाडेवाटणीचा. समजा एखाद्यानं छोट्या गावातून मोठ्या शहरामार्गे तिसऱ्या ठिकाणी जायचं एकच तिकीट काढलं. त्या रकमेतला ठरलेला हिस्सा पहिल्या टप्प्यासाठी छोट्या कंपनीला जातो. इथं मात्र इंधन महागलं किंवा विमान रिकामं गेलं तर तोटा छोट्या कंपनीचाच. पहिल्या करारात नफा बेताचा पण भरवशाचा, दुसऱ्यात कमाईला वाव आणि धोकाही.

भरवसा पूर्ण नसतो, हेही सांगायला हवं. एक्सप्रेसजेट ही छोटी कंपनी युनायटेडसाठी उडत होती. २०२० मध्ये युनायटेडनं ते काम दुसऱ्या कंपनीकडं वळवलं आणि सप्टेंबरअखेर एक्सप्रेसजेटची उड्डाणं थांबली. जोडीदार एकच असला की त्याचा एक निर्णय पुरतो. मार्च २०२२ मध्ये वैमानिक पुरेनात म्हणून स्कायवेस्टनं २९ छोट्या शहरांची सेवा सोडण्याची नोटीस दिली.

आपल्याकडं जोडीदार सरकार

‘उडान’मध्ये मोठ्या कंपनीच्या जागी सरकार उभं आहे. साधारण निम्म्या जागा मर्यादित भाड्यात द्यायच्या, तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला ही मर्यादा २,५०० रुपये होती. भाडं आणि खर्च यांतली तूट अनुदानानं भरून निघते. त्याचा मोठा वाटा मुख्य मार्गांवर उडणाऱ्या कंपन्यांकडून घेतलेल्या आकारणीतून येतो, बाकीचा राज्याकडून. ही मदत तीन वर्षं, आणि तोवर त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला येता येत नाही.

तीन वर्षांनंतर काय होतं? भारताच्या महालेखापरीक्षकांचा ऑगस्ट २०२३ चा अहवाल मी प्रत्येक विमानप्रेमी नेत्याच्या टेबलावर ठेवीन. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पूर्ण केली ११२ मार्गांनी, आणि मार्च २०२३ मध्ये त्यानंतरही चालू होते फक्त ५४. अनुदानानं मार्ग सुरू होतो. पुढच्या प्रवासाचे प्रवासी मात्र अनुदानातून मिळत नाहीत.

मोठ्या कंपनीचा हात धरण्याचे प्रयत्न आपल्याकडंही झाले. १९८१ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सनं मिळून वायुदूत काढली. ती तोट्यात रुतली आणि १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. १९९६ ची अलायन्स एअर एअर इंडियाच्या जाळ्यातली कंपनी होती. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडं गेली आणि अलायन्स सरकारकडं राहिली. इंडिगोनं तर २०१७ च्या अखेरीपासून स्वतःचीच एटीआर उडवायला घेतली. घरचीच छोटी विमानं असताना तिला बाहेरच्या छोट्या कंपनीची गरज कमी.

नांदेडसाठी काय मागायचं

आपल्या भागातून विमानाची मागणी निघते ती नव्या शहरांच्या नावांची: मुंबई द्या, दिल्ली द्या. त्या निवेदनांत तिकिटाचा विषय नसतो. वसमतचा प्रवासी दर वेळी बंगळूर किंवा हैदराबादलाच थांबत नाही, अनेकदा तिथून पुढं कोची, गुवाहाटी, दुबई गाठतो. दोन तिकिटं वेगळी असली की पहिलं विमान उशिरा पोहोचून दुसरं चुकल्यास भुर्दंड त्याचाच. बॅगाही पट्ट्यावरून उतरवून पुन्हा द्याव्या लागतात. तोच प्रवास एका तिकिटावर, एका बॅग-चिठ्ठीवर झाला, तर नांदेडच्या सत्तर खुर्च्यांसाठी गिऱ्हाईक केवळ एका शहराचं राहत नाही.

म्हणून खासदार, आमदार, व्यापारी महासंघ आणि गुरुद्वारा बोर्डानं पुढच्या निवेदनात नव्या फेरीबरोबर एक ओळ आवर्जून घालावी: नांदेडला येणाऱ्या कंपनीचा एखाद्या मोठ्या कंपनीशी जोड-तिकिटाचा करार असावा, आणि अनुदान देताना सरकारनं तो विचारात घ्यावा.