पी ०१७१ : हवा जास्त की पेट्रोल कमी?

धार जिल्ह्यातल्या पीथमपूरची ओळखच मुळी गाड्यांची. कायनेटिक होंडाची स्कूटर इथे बनली, हिंदुस्तान मोटर्सने कॉन्टेसाची इसुझू इंजिनं इथेच तयार केली, आयशरचे ट्रक आणि फोर्सची ट्रॅव्हलर आजही इथूनच निघतात. २०२१च्या जूनमध्ये ‘नॅट्रॅक्स’चा ११.३ किलोमीटरचा चाचणीमार्ग सुरू झाला, आशियातला सर्वांत लांब. शेजारच्या देवासला टर्बोचार्जर बनतात. एवढा सगळा पसारा हाताशी असूनही वीस-पंचवीस वर्षं जुन्या मर्सिडीजचा ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला, की मालकाला आठवतो तो मिस्त्रीच.

माळव्याला महागड्या गाड्यांचं अप्रूप जुनंच आहे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांसाठी १९३५ साली घडवलेल्या ड्युसेनबर्ग एसजेची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधली होती. त्या काळी हवा-पेट्रोलचं मिश्रण कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून आणि कान लावून जुळवत. पुढे १९९५मध्ये पुण्याला टेल्कोच्या आवारात मर्सिडीज जोडली जाऊ लागली, दोन वर्षांनी तिची इंजिनं जोडायचं काम फिरोदियांच्या कंपनीकडे (आजच्या फोर्सकडे) आलं, आणि कानाचं काम कॉम्प्युटरकडे गेलं. त्या पिढीच्या गाड्या आता तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आहेत. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मनाई झाल्यापासून कितीतरी गाड्या एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यांत गेल्या. विकत घेताना स्वस्त. पुढचं मालकाचं नशीब.

अशा गाडीला स्कॅनर लावला की कोड येतो पी ०१७१. व्ही-सिक्स इंजिन असेल तर बहुतेकदा जोडीला पी ०१७४. पहिला इंजिनाच्या एका बाजूसाठी, दुसरा समोरच्या बाजूसाठी. अर्थ एकच: मिश्रण लीन आहे. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. इथे त्या मानाने हवा जास्त किंवा पेट्रोल कमी पडतंय. नेमकं काय, ते कोड सांगत नाही. कुठला भाग गेलाय हे तर मुळीच नाही.

तरीही पहिला बळी ठरलेला असतो, ऑक्सिजन सेन्सर. वाईट बातमी त्याने आणली, म्हणून तोच बदलायचा. हजारो रुपये जातात, दिवा आठवड्याने परत लागतो. या सेन्सरवर खरं तर असा अन्याय होऊ नये. बॉशने १९७६मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत तो पहिल्यांदा दिला. झिर्कोनियाचं हे बोटाएवढं चिनीमातीचं टोक धुरातल्या आणि बाहेरच्या प्राणवायूच्या फरकावर वीज निर्माण करतं. धुरात प्राणवायू उरला की व्होल्टेज ०.१च्या आसपास, संपला की ०.९पर्यंत. जवळपास ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय तो बोलत नाही, आणि पेट्रोलमधल्या शिशाने कायमचा मुका होतो. भारतभर शिसेमुक्त पेट्रोल आलं ते २०००मध्ये.

मात्र त्याला पेट्रोल कळत नाही, फक्त प्राणवायू कळतो. त्यामुळे एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल, तर न जळलेला प्राणवायू पाहून तो ‘लीन’ असंच सांगतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर गेली असेल आणि तिथून बाहेरची हवा आत येत असेल, तरीही तेच. दोन्ही वेळी कॉम्प्युटर बिचारा आणखी पेट्रोल ओततो.

या ओतण्याच्या हिशेबाला फ्युएल ट्रिम म्हणतात, आणि सगळी गंमत तिथेच आहे. क्षणाक्षणाला बदलणारी ती शॉर्ट टर्म. मुरलेली, लक्षात ठेवलेली ती लाँग टर्म. एकूण दुरुस्ती वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर गेली आणि टिकली की दिवा लागतो. म्हणजे दिवा लागतो तो बिघाड सुरू झाल्यावर नव्हे, तर गाडीची भरपाई करायची ताकद संपल्यावर.

जाणता मिस्त्री पाना उचलायच्या आधी ट्रिमचे दोन आकडे मागतो. एक इंजिन आयडलला असतानाचा, दुसरा रेस देऊन अडीच हजार फेऱ्यांवरचा. समजा, तीन लिटरचं इंजिन आयडलला सेकंदाला तीन ग्रॅम हवा घेतंय आणि फुटक्या पाइपातून ०.६ ग्रॅम चोरून आत येतेय. चोरी वीस टक्क्यांची झाली. रेस दिल्यावर इंजिन बारा-पंधरा ग्रॅम घेतं. गळती तेवढीच, किंबहुना थोडी कमीच, त्यामुळे टक्का चार-पाचवर येतो. महिन्याला हजार रुपये चोरीला गेले तर दहा हजार पगारवाल्याला कळतं, लाखवाल्याला कळत नाही, तसंच हे. आयडलला २२ आणि रेसमध्ये ४ दिसले, की मिस्त्री म्हणतो, ‘गाडी एअर घेतेय.’

उलट आयडलला ३ आणि ताण आल्यावर २० दिसले, तर पेट्रोल पोचत नाही: फिल्टर तुंबलेला, पंप थकलेला, किंवा हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर मळून कमी मोजणारा. त्याची परीक्षा गॅरेजात होत नाही. धामणोदकडून मानपूरकडे विंध्याचा घाट चढताना स्कॅनर मांडीवर ठेवून बसावं लागतं.

एअर घेणारी जागा शोधून काढणं हे वेगळंच प्रकरण. मर्सिडीजच्या एम ११२ या व्ही-सिक्स इंजिनात व्हॉल्व्ह कव्हरवरून इनटेककडे ब्रीदरचे रबरी पाइप जातात. वर्षानुवर्षं गरम तेलाची वाफ पिऊन ते वळणावर बिस्किटासारखे ठिसूळ तरी होतात, नाहीतर मऊ पडून व्हॅक्यूमने आत ओढले जातात. चीर खालच्या अंगाला असते, वरून पाइप ठणठणीत दिसतो. त्यासाठी इनटेकमध्ये अगदी कमी दाबाने दाट धूर सोडतात आणि टॉर्च मारून तो कुठून झिरपतो ते बघतात. यंत्र महाग आहे. जुगाडू लोक बंद डब्यात बेबी ऑइल घालून डिझेल इंजिनच्या ग्लो प्लगने तापवतात. तापल्या इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून आवाज बदलतो का ते ऐकायची पद्धतही आहे, पण तिच्यात आग लागू शकते, आणि ती टाळलेलीच बरी.

कोड वाचणंही वाटतं तितकं सोपं नाही. भारतात ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःच्या बिघाडाचे कोड नोंदवायच्या यंत्रणेची, सक्ती २०१०पासून टप्प्याटप्प्याने आली. पुण्यात जोडलेल्या पहिल्या डब्ल्यू १२४ मर्सिडीजला ओबीडीचं १६ पिनांचं सॉकेटच नाही. तिचं गोल ३८ पिनांचं सॉकेट बॉनेटखाली असतं. बाजारातला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर तिथे लावणार कुठे?

आणि आता इथेनॉल. ई २०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, २०२३च्या फेब्रुवारीत बंगळुरूला जाहीर झालं आणि पाहता पाहता बहुतेक पंपांवर दुसरं काही उरलं नाही. इथेनॉल स्वतःच प्राणवायू घेऊन येतं, म्हणून त्याच्या एका ग्रॅमला नऊ ग्रॅमच हवा पुरते. ई २० साठी १४.७चा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. जुन्या गाडीच्या कॉम्प्युटरला हे कुणी कळवलेलं नाही. त्याला दिसतं एवढंच की मिश्रण सात-आठ टक्के लीन झालंय, आणि तो तेवढी भर घालतो. ठणठणीत गाडीला हे सहज झेपतं. पण जी गाडी बारीकशी गळती घेऊन १५ टक्क्यांवर निमूट चालली होती, तिचा दिवा आता लागतो. त्यात इथेनॉल पाणी धरतं, टाकीतला जुना गाळ सुटा करून फिल्टरकडे पाठवतं, आणि त्या काळच्या काही रबरांशी त्याचं पटत नाही.

नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच साध्या पेट्रोलसाठी बनवून ई १० साठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई २० वर सहा-सात टक्क्यांनी घटेल असं नमूद आहे. इथेनॉलविना पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ला फेटाळली. धार-देवासच्या मराठी घरांतून तक्रार करायची तरी कुणाकडे? इथेनॉलसाठी ऊस पिकवणारे कोल्हापूर-सांगलीवाले सोयरेच निघायचे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क दहा हजार रुपये झालं. त्यासोबत पीयूसीही लागतं. या वयाच्या गाडीच्या पीयूसीत धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, आणि लीन इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड कमीच असतो. मिसिंग किंवा एक्झॉस्टला चीर नसेल तर पी ०१७१चा दिवा लागलेली गाडी तिथे बिनदिक्कत पास होते.