रत्नागिरीतला ब्रह्मी राजवाडा

रत्नागिरीत रिक्षावाल्याला ‘थिबा पॅलेस’ एवढं सांगितलं की पुरतं. पण पाहुणेमंडळी बहुधा थिबा पॉइंटवरून भाट्याच्या खाडीचे फोटो काढतात, आंब्याची पेटी घेतात आणि गणपतीपुळ्याकडे वळतात. राजवाडा राहूनच जातो.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि त्याला राणी सुपयालतसह आधी मद्रासला, मग १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. रेल्वे नाही, पावसाळ्यात बोटीही बंद. नजरकैदेला याहून सोयीचं गाव कुठलं? दिल्लीच्या बहादूरशहा जफरला उलट ब्रह्मदेशात, रंगूनला धाडणारे हेच इंग्रज! सरकारी तनखा पुरेना, म्हणून राजघराणं जवळचं जडजवाहीर विकत राहिलं. राजवाड्यात राहायला जायला १९१० साल उजाडलं, आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा गेलाही. जेमतेम सहा वर्षं.

वास्तू मात्र देखणी. जांभ्या दगडाचं तीनमजली बांधकाम, उतरती छपरं, सागवानी काम. अर्धवर्तुळाकार खिडक्यांवरचं कोरीवकाम जवळ जाऊन पाहावं; त्यांतल्या रंगीत काचांमधून ऊन आत येतं. पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात संगमरवरी फरशी आहे. कैद्याचं घर एवढं ऐसपैस कशाला, असं वाटून जातं; पण कैदी झाला तरी राजाच तो.

इथे आता शासनाचं संग्रहालय आहे. दगडी शिल्पं आहेत, राजघराण्याची छायाचित्रं आहेत. शिल्पं चांगली आहेत, पण तशी इतरत्रही दिसतात. पाय रेंगाळतात ते छायाचित्रांपाशी.

राजाच्या मृत्यूनंतर राणी १९१९ मध्ये मायदेशी परतली. थोरल्या राजकन्येची मुलगी मात्र रत्नागिरीचीच झाली. इथेच तिनं संसार केला, मराठीत बोलली, म्हातारी झाली. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या कादंबरीमुळे थिबाची कहाणी जगभर गेली. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन स्वतः इथे येऊन गेले. आपल्याकडच्या शाळांच्या सहलींनाही इथे यायला हरकत नसावी.

राजवाडा पाहून झाला की शिवाजीनगर भागातल्या थिबाच्या समाधीवरही जा. राजाला मायदेशाची माती काही लाभली नाही. तो रत्नागिरीतच आहे.