परदेशात सापडलेला आरोपी ताब्यात कसा मिळतो?

सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, हे आपल्याला ठाऊक असतं. त्याआधी १९१० साली त्यांच्या ताब्यावरून ब्रिटन आणि फ्रान्समध्ये वाद पेटला होता. प्रत्यार्पण, म्हणजे दुसऱ्या देशात सापडलेला आरोपी रीतसर ताब्यात मिळवणं, त्या प्रकरणावरून चांगलं कळतं.

सुरुवात विनंतीने होते. आपले पोलीस परदेशात जाऊन कुणाला उचलू शकत नाहीत. कागदपत्रं परराष्ट्र मंत्रालयामार्फत जातात. घाई असेल तर आधी तात्पुरती अटक मागता येते. मात्र मुदत सांभाळावी लागते. आपल्या १९६२च्या कायद्यानुसार भारतात अशी अटक झाली आणि ६० दिवसांत रीतसर विनंती आली नाही, तर त्या माणसाला सोडावं लागतं.

मग तिथलं न्यायालय. ते आरोपी दोषी आहे का, हे ठरवत नाही. कृत्य दोन्ही देशांत गुन्हा ठरतं का, सकृद्दर्शनी पुरावा आहे का आणि आरोप राजकीय स्वरूपाचा तर नाही ना, हे मुख्यतः पाहतं.

सावरकरांना लंडनहून पाठवताना करार लागला नाही, कारण हिंदुस्थान साम्राज्यातच होता. १८८१चा फरारी आरोपींचा कायदा पुरला. पण ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसला त्यांनी बोटीतून उडी टाकून किनारा गाठला. म्हणजे आता ते फ्रान्सच्या भूमीवर होते. तिथल्या पोलिसाने त्यांना धरलं आणि तिथल्या तिथे ब्रिटिशांच्या हवाली केलं. ना विनंती, ना न्यायालय. फ्रान्सने हरकत घेतली. हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी हस्तांतरात अनियमितता झाल्याचं मान्य केलं, तरी परत पाठवण्याचं बंधन नाही असं म्हटलं. तोवर मुंबईत दोन जन्मठेपा सुनावूनही झाल्या होत्या. मला हा निकाल अन्यायाचाच वाटतो.

शेवटी अटी. अबू सालेमला २००५ साली पोर्तुगालने सोपवलं, ते फाशी नाही आणि २५ वर्षांहून अधिक कैद नाही, या हमीवर. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती हमी सरकारवर बंधनकारक मानली.

राज्याराज्यांत प्रत्यार्पण नसतं. लांज्याच्या गुन्ह्यातला आरोपी पणजीत सापडला, तर रत्नागिरीचे पोलीस सहसा तिथल्या दंडाधिकाऱ्याकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे प्रवासापुरता ताबा, घेतात. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. चूक बहुधा इथेच होते. आपल्या माणसाला नेत असतील, तर अटकेचं कारण विचारावं, आदेशाची प्रत मागावी आणि वकील पणजीतच उभा करावा.